गर्भावस्थेतील मधुमेह आणि प्रोबायोटिक पूरके : आशा आणि पुरावा

रुग्णालयाच्या कार्याचा आढावा घेत असताना, वर्षभरात रुग्णांनी आम्हांस वारंवार विचारलेल्या एखाद्या प्रश्नाचा सविस्तर परामर्श वार्षिक अहवालाच्या पानांतून घ्यावा, असा आमचा प्रयत्न असतो. या खेपेचा प्रश्न प्रसूतिपूर्व तपासणी विभागातून आला आहे. "डॉक्टर, पोटातल्या चांगल्या जंतूंच्या कॅप्सूल मिळतात म्हणे. त्या घेतल्या तर साखर उतरेल का? इन्सुलिन टळेल का?" हा प्रश्न कधी गर्भवती स्वतः विचारते, कधी तिची सासू, तर कधी बाहेर बाकावर बसलेले यजमान आत येऊन विचारतात. मराठीत, गुजरातीत, हिंदीत, सर्व भाषांत तो सारखाच असतो आणि त्यामागची काळजीही सारखीच असते.

हा लेख लिहिण्यास एक विशिष्ट प्रसंग कारणीभूत झाला. ओळख उघड होणार नाही अशा बेताने तो येथे सांगत आहोत. दुसऱ्या खेपेच्या एका भगिनीस सव्विसाव्या आठवड्यात गर्भावस्थेतील मधुमेह असल्याचे निदान झाले. दोन आठवडे आहारनियमन करूनही जेवणानंतरची साखर अपेक्षित मर्यादेत आली नाही, म्हणून आम्ही इन्सुलिन सुचविले. कुटुंबाने "विचार करून सांगतो" असे म्हटले आणि शेजारच्या कोणी सुचविलेल्या प्रोबायोटिक कॅप्सूल सुरू केल्या. त्या महाग होत्या. घरी साखर तपासण्याच्या पट्ट्या आणण्यासाठी मग पैसे उरले नाहीत. महिन्याभराने त्या परत आल्या तेव्हा साखर अधिक वाढलेली होती आणि सोनोग्राफीत बाळाच्या पोटाचा घेर वयाच्या मानाने मोठा दिसत होता. इन्सुलिन सुरू केले, प्रसूती सुखरूप झाली; परंतु जन्मानंतर बाळाची साखर एकाएकी खाली आल्याने त्यास दोन दिवस नवजात अतिदक्षता विभागात ठेवावे लागले. आज माय-लेकरे कुशल आहेत. त्या कुटुंबाने हयगय केली असे आम्ही म्हणणार नाही. त्यांनी आपल्या परीने उपचारच केला होता. तो उपचार नव्हे, हे त्यांना वेळीच आणि नीट समजावून सांगण्यात आम्ही कमी पडलो. ती उणीव भरून काढण्याचा हा एक प्रयत्न आहे.

आजाराचे स्वरूप

गर्भ वाढू लागला की वार अनेक संप्रेरके रक्तात सोडते. ही संप्रेरके आईच्या शरीरात इन्सुलिनचा प्रभाव काहीशी मंदावतात. यात निसर्गाचा हेतू आहे. आईच्या रक्तात साखर थोडी अधिक काळ राहावी आणि ती बाळाला मिळावी, यासाठीची ही व्यवस्था होय. निरोगी स्वादुपिंड अशा वेळी अधिक इन्सुलिन स्रवून तोल सांभाळते. ज्या स्त्रीचे स्वादुपिंड ही वाढीव मागणी पुरी करू शकत नाही, तिची साखर वाढते. यालाच गर्भावस्थेतील मधुमेह म्हणतात. साधारणतः सहाव्या महिन्यापासून तो प्रकट होतो.

आईच्या रक्तातील साखर वारेतून बाळाकडे जाते, मात्र आईचे इन्सुलिन जात नाही. वाढीव साखर हाताळण्यासाठी बाळाचे स्वतःचे स्वादुपिंड जादा इन्सुलिन तयार करू लागते आणि ती साखर चरबीच्या रूपाने साठते. बाळ आकाराने मोठे होते, प्रसूती अवघड होते. नाळ कापल्यावर साखरेचा पुरवठा थांबतो, परंतु बाळाच्या अंगातील इन्सुलिन लगेच ओसरत नाही. म्हणूनच जन्मानंतरच्या पहिल्या काही तासांत बाळाची साखर घसरण्याची भीती असते. वर उल्लेखिलेल्या बाळाच्या बाबतीत हेच घडले.

"मी तर बारीक आहे, मला मधुमेह कसा?" असेही आम्हांस विचारले जाते. याचे उत्तर आपल्या महाराष्ट्रातील संशोधनाने दिले आहे. पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या गावांतील माता व बालकांचा दीर्घ अभ्यास केला. तेथील नवजात बालकांचे सरासरी वजन सुमारे २.७ किलो, तर तुलनेसाठी घेतलेल्या इंग्लंडमधील साउदॅम्प्टनच्या बालकांचे सुमारे ३.५ किलो होते. आपली बाळे लहान होती, त्यांचे स्नायू कमी होते, मात्र त्वचेखालील चरबी त्या मानाने टिकून होती. दिसायला कृश पण आतून मेदयुक्त अशी ही शरीरयष्टी पुढे मधुमेहास अनुकूल ठरते. सबब, वजनाचा काटा पाहून गर्भवतीची साखर ओळखता येत नाही. ती तपासावीच लागते.

निदान कसे करावे

भारतात ही तपासणी सोपी करण्याचे श्रेय चेन्नईचे ज्येष्ठ मधुमेहतज्ज्ञ डॉ. व्ही. शेषय्या यांच्या पुढाकारास जाते. त्यांच्या सन्मानार्थ १० मार्च हा त्यांचा जन्मदिन गर्भावस्थेतील मधुमेहाच्या जनजागृतीसाठी पाळला जातो. त्यांनी पुरस्कारलेली पद्धती केंद्र शासनाने २०१४ व २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांत स्वीकारली आहे. गर्भवतीने उपाशीपोटी येण्याची अट नाही. ७५ ग्रॅम ग्लुकोज सुमारे ३०० मिलिलिटर पाण्यात विरघळवून पाच ते दहा मिनिटांत प्यावयास द्यावे आणि दोन तासांनी रक्तातील साखर मोजावी. ती १०० मिलिलिटरमागे १४० मि.ग्रॅ. किंवा अधिक भरल्यास गर्भावस्थेतील मधुमेह समजावा. ही तपासणी पहिल्याच भेटीत करावी आणि ती सामान्य आल्यास २४ ते २८ आठवड्यांच्या दरम्यान पुन्हा करावी.

विरार, वसईपासून अंधेरी, दादरपर्यंत लोकलने ये-जा करून नोकरी करणाऱ्या, किंवा घरकाम आटोपून रुग्णालय गाठणाऱ्या स्त्रीला उपाशीपोटी सकाळी बोलावणे किती कठीण असते, हे मिरा-भाईंदरमध्ये सांगण्याची आवश्यकता नाही. उपाशी राहण्याची अट नसल्यामुळे ती ज्या दिवशी तपासणीस येते त्याच दिवशी हे काम होऊ शकते. प्रत्येक महिन्याच्या ९ तारखेस प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानांतर्गत शासकीय आरोग्य केंद्रांत गर्भवतींची विनामूल्य तपासणी होते. आमच्याकडे येणे ज्यांना शक्य नाही त्यांनी त्या दिवसाचा लाभ अवश्य घ्यावा.

आतड्यातील जीवाणूंचा संबंध

आता मूळ प्रश्नाकडे वळू. आपल्या आतड्यांत अब्जावधी जीवाणू वस्ती करून असतात. ते अन्नातील तंतूंवर प्रक्रिया करतात, काही उपयुक्त आम्ले तयार करतात, आतड्याच्या अस्तराचे रक्षण करतात आणि शरीरातील सूक्ष्म दाहावरही परिणाम करतात. दाह वाढला की इन्सुलिनचा प्रभाव कमी होतो. जीवाणूंचा आणि साखरेचा संबंध जुळतो तो या ठिकाणी.

२०१२ साली फिनलंडमधील ९१ गर्भवतींच्या मलनमुन्यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. पहिल्या व शेवटच्या तिमाहीत आतड्यातील जीवाणूंची रचना बरीच बदललेली आढळली. शेवटच्या तिमाहीतील जीवाणू जंतुरहित उंदरांच्या आतड्यात सोडले असता त्या उंदरांत चरबी अधिक वाढली आणि इन्सुलिनला मिळणारा प्रतिसाद घटला. त्यामुळे एक साधा तर्क पुढे आला : जीवाणू बदलल्याने साखर बिघडत असेल, तर चांगले जीवाणू देऊन ती सुधारता येईल.

असे जीवाणू म्हणजेच प्रोबायोटिक. जागतिक आरोग्य संघटना व अन्न आणि कृषी संघटना यांच्या तज्ज्ञांनी २००१ साली त्यांची व्याख्या केली. पुरेशा प्रमाणात दिले असता आरोग्यास लाभ देणारे जिवंत सूक्ष्मजीव, असा तिचा आशय आहे. या व्याख्येत तीन अटी आहेत : जीवाणू जिवंत हवेत, ते पुरेसे हवेत आणि लाभ सिद्ध झालेला हवा. एका जातीच्या जीवाणूने जुलाब लवकर थांबले म्हणून दुसऱ्या जातीच्या जीवाणूने साखर उतरेल, असे मानता येत नाही. प्रत्येक जीवाणूची आणि प्रत्येक आजाराची परीक्षा स्वतंत्रपणे व्हावी लागते.

आजार टाळण्यासाठी केलेल्या चाचण्या

तर्क कितीही सुसंगत असला तरी त्याची कसोटी माणसांवरील चाचणीतच लागते. अशा चाचणीत स्त्रियांची चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे दोन गटांत विभागणी करतात. एका गटास खरी कॅप्सूल, दुसऱ्यास हुबेहूब दिसणारी परंतु निष्क्रिय कॅप्सूल दिली जाते. कोणास काय मिळाले हे शेवटपर्यंत गुप्त राहते. त्यामुळे केवळ विश्वासाने वाटणारा गुण आणि प्रत्यक्ष औषधाचा गुण वेगळे करता येतात.

पहिली मोठी आशा २०१० साली फिनलंडच्या तुर्कू शहरातून आली. २५६ गर्भवतींच्या या चाचणीत आहारविषयक मार्गदर्शनासोबत दोन प्रकारचे जीवाणू दिलेल्या गटात गर्भावस्थेतील मधुमेहाचे प्रमाण १३ टक्के, तर इतर दोन गटांत ३६ व ३४ टक्के आढळले. जगभर या निष्कर्षाची चर्चा झाली. आज बाजारात दिसणाऱ्या अनेक दाव्यांचे मूळ येथे आहे.

पुढील चाचण्यांत मात्र हे यश टिकले नाही. न्यूझीलंडमधील ४२३ स्त्रियांच्या २०१७ च्या अभ्यासात त्या देशाच्या निकषांनुसार प्रमाण कमी दिसले, परंतु आंतरराष्ट्रीय निकष लावले असता फरक निर्णायक ठरला नाही. २०१९ साली ऑस्ट्रेलियातील ब्रिस्बेन येथे वजन अधिक असलेल्या ४११ गर्भवतींवरील चाचणी प्रसिद्ध झाली. तिच्यात तुर्कू येथे वापरलेल्या जीवाणूंच्याच जाती दिल्या होत्या. मधुमेहाचे प्रमाण कॅप्सूल घेणाऱ्यांत १८.४ टक्के आणि निष्क्रिय कॅप्सूल घेणाऱ्यांत १२.३ टक्के निघाले. हा फरक योगायोगानेही येऊ शकतो, त्यामुळे कॅप्सूलमुळे मधुमेह वाढला असे म्हणता येत नाही. पण तो टळला असे तर मुळीच म्हणता येत नाही. खुद्द तुर्कू येथे ४३९ स्त्रियांवर झालेल्या नव्या चाचणीतही, तिचे निष्कर्ष त्याच वर्षी प्रसिद्ध झाले, लाभ दिसला नाही.

वैद्यकीय पुराव्यांचे तटस्थ संकलन करणाऱ्या कॉक्रेन या संस्थेने २०२१ साली अशा सात चाचण्या व १६४७ स्त्रियांची माहिती एकत्र करून तपासली. प्रोबायोटिकमुळे मधुमेह टळतो की नाही याविषयी निश्चित निष्कर्ष निघाला नाही. मात्र एका बाबतीत पुरावा अधिक भक्कम होता आणि ती बाब चिंतेची होती. चार चाचण्यांतील ९५५ स्त्रियांची माहिती पाहता, प्रोबायोटिक घेणाऱ्यांत गर्भावस्थेतील रक्तदाबवाढीचा गंभीर प्रकार, म्हणजे प्रीएक्लॅम्प्सिया, अधिक आढळला. जोखीम जवळजवळ पावणेदोन ते दोन पट होती. असे का व्हावे, याचा उलगडा झालेला नाही. या चाचण्यांत बहुतांशी वजन अधिक असलेल्या स्त्रिया होत्या, हेही लक्षात ठेवले पाहिजे. तथापि "घेऊन पाहायला काय हरकत आहे, अपाय तर नाही" हे वाक्य गर्भवतीच्या बाबतीत आता सहजपणे उच्चारता येणार नाही.

निदान झाल्यानंतरच्या चाचण्या

ज्यांना आजार झालेलाच आहे त्यांची साखर कॅप्सूलने उतरते का, हा आमच्या रुग्णांचा प्रत्यक्ष प्रश्न. येथे निष्कर्ष परस्परांशी जुळत नाहीत. इराणमधील तब्रिझ येथे ६४ स्त्रियांवर आठ आठवडे, तसेच थायलंडमध्ये ५७ स्त्रियांवर चार आठवडे केलेल्या चाचण्यांत उपाशीपोटीच्या साखरेत काहीसा अनुकूल फरक दिसला. आयर्लंडमधील १४९ स्त्रियांच्या २०१५ च्या चाचणीत साखरेच्या नियंत्रणात फरक पडला नाही. प्रत्येक ठिकाणी जीवाणू वेगळे, मात्रा वेगळी, कालावधी वेगळा. नऊ चाचण्यांतील ६९५ स्त्रियांची माहिती एकत्र करणाऱ्या २०२० च्या कॉक्रेन आढाव्यात पुरावा कमी प्रतीचा ठरला. बाळ मोठे होणे, शस्त्रक्रियेने प्रसूती होणे यांसारख्या, कुटुंबाला खरोखर भेडसावणाऱ्या बाबतींत लाभ दाखविता आला नाही.

साखरेचा आकडा थोडा खाली आला म्हणजे बाळ सुरक्षित झाले, असे होत नाही. या उलट एक चाचणी आम्ही आमच्या विभागातील तरुण डॉक्टरांना आवर्जून सांगतो. २००५ साली ऑस्ट्रेलियातील १००० गर्भवतींवरील चाचणीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. एका गटास आहाराचा सल्ला, साखरेची नियमित मोजणी आणि गरज भासल्यास इन्सुलिन दिले. दुसऱ्या गटास नेहमीची प्रसूतिपूर्व काळजी दिली. बाळाचा मृत्यू, खांदा अडकणे, हाड मोडणे, मज्जातंतूस इजा होणे अशा गंभीर घटना दुसऱ्या गटात ४ टक्के होत्या. पहिल्या गटात त्या १ टक्क्यावर आल्या. या उपचारात नावीन्य काहीच नाही. ताट, चालणे, मोजणे आणि लागल्यास इन्सुलिन, एवढाच तो उपचार आहे, आणि तो सिद्ध झालेला आहे.

मग दही-ताकाचे काय?

प्रोबायोटिक म्हटले की आपल्या घरात दह्याची आठवण होणे स्वाभाविक आहे. दही हे उत्तम अन्न आहे. त्यातून प्रथिने व कॅल्शियम मिळते, ते पचनास सुलभ असते आणि भाकरी किंवा पोळीसोबत घेतले असता जेवण समतोल होण्यास साहाय्य होते. परंतु विरजणातील जीवाणू कोणत्या जातीचे, किती आणि जठरातील आम्लातून किती तग धरतात, हे घरोघरी निराळे असते. म्हणून घरचे दही हे अन्न म्हणून घ्यावे, साखरेचे औषध म्हणून नव्हे. वर सांगितलेला रक्तदाबाचा इशारा कॅप्सूलमधील विशिष्ट जीवाणूंच्या चाचण्यांतून आला आहे. घरच्या ताज्या दह्याविषयी तो नाही. दही बंद करण्याचे काहीच कारण नाही.

दोन सूचना मात्र कराव्याशा वाटतात. कढी, इडली, ढोकळा हे आंबवून केलेले पदार्थ शिजताना त्यांतील जीवाणू उष्णतेने नष्ट होतात. त्यांना जिवंत जीवाणूंचा स्रोत समजू नये. दुसरे असे की, लहान बाटल्यांतून मिळणारी प्रोबायोटिक पेये, फळांच्या स्वादाचे दही, श्रीखंड आणि लस्सी यांत साखर असते. साखर उतरविण्यासाठी साखर पिण्याचा हा प्रकार आम्ही अनेकदा पाहतो. वेष्टनावरील साखरेचा आकडा प्रथम वाचावा. पूरकांच्या डबीवर आणखी एक ओळ शोधावी. आपल्या देशाच्या २०१६ च्या नियमांनुसार आरोग्यपूरकांवर ते औषधी वापरासाठी नाहीत असे छापणे बंधनकारक आहे. दुकानात किंवा शेजारात जे सांगितले जाते त्याहून ही लहान अक्षरांतली ओळ अधिक प्रामाणिक आहे.

मुंबईच्या वस्त्यांतील एक प्रयोग

कॅप्सूलविषयी एवढे सावध लिहिल्यावर वाचक विचारतील की, मग आशेला जागा कोठे? ती आमच्या शेजारच्या मुंबईतच आहे. २००६ ते २०१२ या काळात मुंबईच्या झोपडपट्टी वस्त्यांतील स्त्रियांवर एक मोठा प्रयोग झाला. डॉ. रमेश पोतदार व त्यांच्या सहकाऱ्यांनी साडेसहा हजारांच्या जवळपास स्त्रियांना त्यात सामावून घेतले होते. एका गटास नेहमीच्या जेवणाव्यतिरिक्त हिरव्या पालेभाज्या, फळे व दूध यांपासून केलेला खाऊ नेमाने दिला जाई. समोसा, भजी अशा ओळखीच्या पदार्थांचे रूप त्यास दिले होते. दुसऱ्या गटास बटाटा, कांदा यांसारख्या भाज्यांचा खाऊ मिळे. खाऊ गर्भधारणेच्या आधीपासून सुरू होऊन गर्भारपणातही चालू राहिला.

या प्रयोगाचा मूळ उद्देश बाळांचे वजन वाढविणे हा होता. त्यासोबत १००८ गर्भवतींची साखरही तपासण्यात आली. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार बटाट्याचा खाऊ मिळालेल्या गटात गर्भावस्थेतील मधुमेह १२.४ टक्के, तर पालेभाजी, फळे व दुधाचा खाऊ मिळालेल्या गटात ७.३ टक्के आढळला. या एकाच अभ्यासावरून अंतिम निर्णय करता येणार नाही, आणि निदान झाल्यावर पालेभाजी खाल्ल्याने इन्सुलिन टळेल असा त्याचा अर्थ नाही. तथापि पोटात बाळ येण्यापूर्वीपासूनचे रोजचे साधे अन्न पुढे साखरेवर परिणाम करू शकते, एवढे तरी तो आपल्याच भागातील, आपल्यासारखेच खाणाऱ्या स्त्रियांच्या बाबतीत दाखवून देतो. मेथी, माठ, चवळई, पेरू आणि दूध यांसाठी डॉक्टरांची चिठ्ठी लागत नाही.

आपल्या शहरातील ताट

मिरा-भाईंदरची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेतच आठ लाखांवर गेली होती. येथे एकच आहारतक्ता सर्वांना देऊन भागत नाही. उत्तन, डोंगरीच्या कोळी व ख्रिस्ती भगिनींना आम्ही भात निम्म्यावर आणून बांगडा, बोंबील व भाजी वाढविण्यास सांगतो. भाईंदर पश्चिमेच्या जैन घरांत कंदमुळे वर्ज्य असतात, चातुर्मासात पालेभाज्याही अनेकजण टाळतात. तेथे मूग, मटकी, दुधी, तोंडली, दही व ज्वारीच्या आधारे ताट बसवावे लागते. उत्तर भारतातून आलेल्या कुटुंबांत आलू-पराठा व गोड चहा यांवर बोलावे लागते. मिरा रोडच्या मुस्लिम भगिनींशी रमजानपूर्वीच रोज्याविषयी मोकळेपणाने चर्चा करावी लागते. मधुमेह असताना दिवसभर उपाशी राहून एकदम खाणे आई व बाळ दोघांनाही जड जाते. संकष्टी-नवरात्राच्या उपवासाची साबुदाणा खिचडी साखर किती झपाट्याने वाढविते, हे घरच्या ग्लुकोमीटरवर एकदा पाहिले की पुन्हा सांगावे लागत नाही.

योगायोग असा की, डोहाळजेवणाचा सातवा महिना आणि साखरेच्या तपासणीचा काळ जवळपास एकच येतो. पेढे, बासुंदी, पुरणपोळी यांनी ओटी भरण्यापूर्वी तपासणी झाली आहे ना, एवढे घरातील वडीलधाऱ्या स्त्रियांनी विचारावे. हौस अवश्य करावी, मात्र ती अगोदर तपासणी करून आणि माफक गोडाने करावी.

आमचा सर्वसाधारण सल्ला असा असतो : दिवसभराचे अन्न तीन मोठ्या जेवणांऐवजी तीन जेवणे व दोन-तीन लहान खाणी यांत विभागावे. प्रत्येक वेळी डाळ, उसळ, दही, अंडे किंवा मासे यांपैकी काही असावे. जेवणानंतर, डॉक्टरांनी मनाई केली नसल्यास, सावकाश चालावे. इमारतीच्या आवारातील किंवा गच्चीवरील फेऱ्याही चालतात. जेवणानंतर दोन तासांची साखर १२० मि.ग्रॅ.च्या आत असावी, असे शासनाच्या सूचनांत म्हटले आहे. दोन आठवडे प्रयत्न करूनही ती आत न आल्यास औषधाचा विचार करावाच लागतो.

इन्सुलिनविषयीची भीती

"एकदा सुरू केले की कायमचे लागते", "बाळाला बाधते" अशा दोन समजुतींमुळे अनेक कुटुंबे कॅप्सूलकडे वळतात. पहिली समजूत गर्भावस्थेतील मधुमेहाच्या बाबतीत बहुधा खरी ठरत नाही. वार पडल्यावर संप्रेरकांचा भार उतरतो आणि बहुतेक स्त्रियांचे इन्सुलिन प्रसूतीनंतर लगेच बंद होते. दुसरी समजूत शरीरशास्त्राच्या विरुद्ध आहे. इन्सुलिन वारेतून बाळाकडे जात नाही, साखर जाते. काही रुग्णांना मेटफॉर्मिन या गोळीचाही पर्याय देता येतो. तो निर्णय डॉक्टरांनी तपासणीअंती घ्यावयाचा असतो.

ज्यांना इतर कारणासाठी, उदाहरणार्थ प्रतिजैविकांमुळे होणाऱ्या जुलाबासाठी, त्यांच्या डॉक्टरांनी प्रोबायोटिक लिहून दिले आहे त्यांनी घाबरून जाऊ नये. परंतु ते घेत असल्याचे प्रसूतिपूर्व तपासणीत अवश्य सांगावे आणि रक्तदाब नियमित मोजून घ्यावा. डोके सतत दुखणे, डोळ्यांपुढे अंधारी येणे, चेहरा व हात सुजणे, पोटाच्या वरच्या भागात वेदना होणे ही लक्षणे दिसल्यास पुढील तारखेची वाट न पाहता रुग्णालयात यावे.

प्रसूतीनंतर

बाळ झाले, साखर उतरली आणि फाईल कपाटात गेली, असे बहुतेक घरांत होते. परंतु ज्यांना गर्भावस्थेतील मधुमेह झाला त्यांना पुढे कायमचा मधुमेह होण्याची शक्यता, तो न झालेल्या स्त्रियांच्या तुलनेत सुमारे दहापट असते, असे २०२० साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये प्रसिद्ध झालेल्या आढाव्यात दिसून आले. म्हणून प्रसूतीनंतर सहा आठवड्यांनी पुन्हा ७५ ग्रॅम ग्लुकोजची तपासणी करावी आणि त्यानंतर दरवर्षी साखर पाहावी. बाळाच्या लसीकरणाची तारीख लक्षात राहते, पण आईची तपासणी राहून जाते. म्हणून आम्ही आता ही दोन्ही कामे एकाच फेरीत करण्याचा आग्रह धरतो.

देणगीदार व हितचिंतकांना या निमित्ताने एक विनंती. गर्भवतीसाठी काही करावे अशी आपली इच्छा असते, आणि पूरकांच्या डब्या भेट देणे सोपे वाटते. एका कॅप्सूलच्या खर्चात बहुधा साखर मोजण्याची एक पट्टी येते. ती पट्टी त्या स्त्रीला त्या दिवशीच्या जेवणाविषयी खरे काय ते सांगते आणि आम्हांस वेळेवर निर्णय घेता येतो. आपल्या साहाय्याचा विनियोग अशा पट्ट्या, ग्लुकोमीटर आणि आहार-समुपदेशन यांसाठी व्हावा, असे आम्हांस वाटते.

ज्या भगिनीच्या अनुभवाने या लेखाचा आरंभ झाला, त्या सहा आठवड्यांनी बाळास घेऊन आल्या होत्या. त्यांची तपासणी सामान्य आली. जाताना त्यांनी स्वतःहून विचारले, "पुढच्या वर्षी केव्हा येऊ?" आम्ही त्यांच्या फाईलवर महिना लिहून दिला.